२००८ च्या त्या रात्री लोक रडले, ते उगाचच का?

प्रश्न : राज्यशास्त्र_शिक्षिका

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पद्धत समजावून सांगताना गेल्या आठवड्यात मी वर्गात ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची एक चित्रफीत दाखवली. शिकागोच्या ग्रँट पार्कमधला अफाट जनसमुदाय, बराक ओबामा हे देशाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून निवडून आल्याचे जाहीर होताच एकमेकांच्या गळ्यात पडणारी अनोळखी माणसे आणि त्या गर्दीत अश्रू अनावर झालेले नागरी हक्क चळवळीतले ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन हे सगळे मुलांनी अगदी शांतपणे पाहिले. चित्रफीत संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, पुढे सहाच वर्षांत फर्ग्युसन झाले ना? मग हे सगळे लोक उगाचच रडले का?"

फर्ग्युसन म्हणजे मिसुरी राज्यातले ते गाव, जिथे २०१४ साली गोऱ्या पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण मारला गेला आणि मोठी निदर्शने झाली. मला तिला नीट उत्तर देता आले नाही, आणि त्याचे कारण माझ्याच एका जुन्या आठवणीत आहे. २००८ साली मी नुकतीच नोकरीला लागले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून मी महाविद्यालयाच्या फलकावर लावले आणि त्यावर रंगीत खडूने 'वर्णभेदाचा अंत' असा मथळा लिहिला. तो मथळा मला कोणी सांगितला नव्हता, मी तो मनापासून लिहिला होता. आज त्या शब्दांकडे पाहताना वाटते की, ग्रँट पार्कमध्ये रडणाऱ्या माणसांच्या मनात हे शब्द होते की नव्हते, याचा विचारच मी केला नव्हता.

म्हणून जाणकारांना विचारते. त्या निकालाचा आनंद कोणाला कशाचा झाला होता? गोऱ्या मतदारांचे मत खरोखर बदलले होते, की आपण लांबून तसे मानून घेतले? आणि 'वर्णभेद संपला' हे म्हणणे तेव्हा खुद्द अमेरिकेत कोण म्हणत होते? पुढच्या तासाला मला त्या मुलीला उत्तर द्यायचे आहे.

उत्तर : मिशिगन_सरोवर

मॅडम, मी १९९९ पासून शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. त्या रात्री मी ग्रँट पार्कच्या आत नव्हतो, कारण आत जाण्याचे तिकीट मला मिळाले नव्हते. मिशिगन ॲव्हेन्यूवर हजारो लोकांबरोबर उभा होतो. नोव्हेंबर असूनही हवा उबदार होती. रात्री दहाच्या सुमारास निकाल जाहीर झाला तेव्हा माझ्या शेजारी सत्तरीच्या आसपासच्या एक कृष्णवर्णीय बाई उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि त्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे, "हॅरॉल्डने हे पाहायला हवे होते." ओबामांचे नाव त्यांनी त्यानंतर बऱ्याच वेळाने घेतले.

हे हॅरॉल्ड म्हणजे हॅरॉल्ड वॉशिंग्टन, शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या १९८३ च्या निवडणुकीत दिसते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. शिकागोत १९३१ पासून डेमोक्रॅटिक पक्षाचाच महापौर होता, आणि त्या पक्षाची उमेदवारी मिळणे म्हणजेच निवडून येणे, असे सगळे शहर धरून चालत असे. फेब्रुवारी १९८३ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत गोरी मते जेन बर्न आणि रिचर्ड डेली या दोघांत विभागली गेली आणि वॉशिंग्टन यांना उमेदवारी मिळाली. त्यानंतर काही आठवड्यांत, पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे गोऱ्या वस्तीतले प्रभागच्या प्रभाग रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांच्यामागे गेले. एप्टन यांच्या प्रचाराचे घोषवाक्य होते, 'वेळ निघून जाण्यापूर्वी'. कशाची वेळ, हे उघडपणे सांगण्याची शहरात कोणाला गरज वाटली नाही. पाम संडेच्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वॉशिंग्टन आणि माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल सेंट पास्कल चर्चमध्ये गेले, तेव्हा बाहेरच्या जमावाने त्यांना शिव्यांनी हैराण केले. चर्चच्या दारावर वॉशिंग्टन यांच्या मृत्यूची इच्छा करणारा मजकूर रंगवलेला होता.

१२ एप्रिल रोजी वॉशिंग्टन ५२ टक्क्यांच्या आसपास मते मिळवून विजयी झाले आणि शहराच्या दक्षिण भागात लोक रात्रभर रस्त्यावर होते. मात्र महापौर झाल्यावर सिटी कौन्सिलमधील ५० सदस्यांपैकी २९ जणांनी गट करून त्यांचे ठराव आणि नेमणुका जवळजवळ तीन वर्षे अडवून धरल्या. तो अडथळा दूर झाला आणि ते दुसऱ्यांदा निवडूनही आले, पण त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, आपल्या कार्यालयात काम करत असतानाच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. ओबामा शिकागोत आले ते १९८५ साली, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या कारकिर्दीत, दक्षिण भागातल्या वस्त्यांमध्ये संघटनेचे काम करण्यासाठी.

ज्या माणसांनी विजयाची अशी एक रात्र आणि नंतरची ती तीन वर्षे दोन्ही पाहिली होती, त्यांना २००८ साली 'सगळे संपले' असे वाटणे शक्यच नव्हते. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या त्या पुढे काय वाढून ठेवले आहे हे जाणून. त्या मला म्हणाल्याही, "आता त्याला काम करू देतात का ते बघायचे." त्यांचे ते अश्रू खोट्या आशेचे होते असे मला आजही म्हणवत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक गोरे सहकारी भेटले. त्यांनी स्वतः ओबामांना मत दिले होते आणि त्यांचा आनंद अगदी खरा होता. हस्तांदोलन करून ते म्हणाले, "बरे झाले, आता या विषयावर कोणाला तक्रार करायला जागा उरली नाही." मला दोन्ही माणसे प्रामाणिक वाटली. पण बाईंच्या लेखी त्या रात्री काही सुरू होत होते आणि सहकाऱ्यांच्या लेखी काही मिटत होते. आपला फलकावरचा मथळा या सहकाऱ्यांच्या बाजूचा होता, आणि भारतातल्या वर्तमानपत्रांमध्येही बहुधा तोच सूर अधिक होता.

उत्तर : आकडेमोड

गोऱ्या मतदारांचे मत बदलले होते का, या प्रश्नापुरते लिहितो.

ओबामांना सुमारे ५३ टक्के मते आणि ३६५ इलेक्टोरल मते (राज्यवार मोजली जाणारी, अध्यक्ष ठरवणारी मते) मिळाली, त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना १७३. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या राष्ट्रीय पाहणीनुसार कृष्णवर्णीय मतदारांपैकी ९५ टक्के, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मतदारांपैकी ६७ टक्के आणि आशियाई मतदारांपैकी ६२ टक्के ओबामांकडे गेले. गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्के त्यांच्याकडे आणि ५५ टक्के मॅकेन यांच्याकडे गेले. १९६४ च्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतर कोणत्याच डेमोक्रॅटिक उमेदवाराला गोऱ्या मतदारांचे बहुमत मिळालेले नाही, त्यामुळे या ४३ टक्क्यांची तुलना पन्नासशी करण्यापेक्षा २००४ सालच्या जॉन केरी यांच्या ४१ टक्क्यांशी करावी. केरी गोरे होते, आणि ओबामांना गोऱ्यांची मते त्यांच्यापेक्षा जास्त मिळाली. ही गोष्ट लहान नाही.

मतदानापूर्वी अनेकांना वेगळीच भीती होती. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. मतदानपूर्व चाचण्यांमध्ये ते पुढे होते, प्रत्यक्षात एक लाखापेक्षाही कमी मतांनी हरले. १९८९ साली व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर जिंकले खरे, तेही कृष्णवर्णीय होते, पण चाचण्यांनी दाखवलेली मोठी आघाडी मतमोजणीत सात हजारांच्याही खाली आली. गोरा मतदार पाहणी करणाऱ्यासमोर एक सांगतो आणि मतदानाच्या पडद्यामागे दुसरेच करतो, असा त्यावरून समज झाला होता. २००८ साली राष्ट्रीय चाचण्या आणि निकाल यांत तसे अंतर पडले नाही. माझ्या मते त्या रात्रीच्या हर्षामागे हाही भाग होता की लोक शेवटच्या क्षणापर्यंत धास्तावलेले होते आणि ती धास्ती एकदम उतरली.

तरीही राष्ट्रीय सरासरीवर थांबू नये. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत ओबामांना गोऱ्या मतदारांपैकी जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनी मत दिले. सगळा देश डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकत असताना अर्कान्सा, टेनेसी आणि लुइझियाना येथे मॅकेन यांची आघाडी २००४ मधील जॉर्ज बुश यांच्या आघाडीपेक्षा वाढली. याउलट व्हर्जिनिया, म्हणजे ज्या राज्यातील रिचमंड ही यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या राज्यांची राजधानी होती ते राज्य, १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले आणि नॉर्थ कॅरोलिना सुमारे चौदा हजार मतांनी मिळाले. दक्षिण एकसंध राहिली नव्हती, एवढेच यातून म्हणता येते.

आणखी एक आकडा विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. ओबामा निवडून आले तेव्हा शंभर सदस्यांच्या सिनेटमध्ये ते एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते. १६ नोव्हेंबर रोजी त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला आणि त्या दिवसापासून, त्यांच्या जागी नेमणूक होईपर्यंत, सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नाही. देशाचे सर्वोच्च पद मिळाले त्याच महिन्यात वरिष्ठ सभागृह रिकामे झाले. एका माणसाच्या विजयावरून साऱ्या व्यवस्थेचा अंदाज का बांधू नये, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

राज्यशास्त्र_शिक्षिका

आपणा दोघांचे मनापासून आभार. सिनेटची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझा तिसरा प्रश्न मात्र राहिला. 'संपले' असे म्हणणारे फक्त तो आनंद व्यक्त करत होते, की त्या म्हणण्याचा पुढे काही परिणामही झाला?

उत्तर : न्यायालयीन_वाचक

परिणाम झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात झाला. याबद्दल लिहिताना मला अजूनही वाईट वाटते.

आधी त्या आठवड्यातील वातावरण सांगतो. मॅकेन यांनी फिनिक्समध्ये पराभव मान्य करताना केलेले भाषण फार उदार होते. १९०१ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले तेव्हा देशभर किती गहजब झाला होता, याची आठवण त्यांनी आपल्याच समर्थकांना करून दिली आणि ओबामांचे नाव येताच हुर्यो करणाऱ्यांना शांत केले. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेने निकालानंतर लगेच घेतलेल्या पाहणीत ६७ टक्के अमेरिकन नागरिकांनी, कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यातील संबंधांचा प्रश्न कधी ना कधी सुटेल, असे मत दिले. आणि निकाल लागून काही तास होतात न होतात तोच मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे कृष्णवर्णीयांचे बांधकाम चालू असलेले एक चर्च जाळण्यात आले. जाळणारे गोरे तरुण होते आणि ते ओबामांच्या विजयाने चिडले होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. म्हणजे उत्तर त्या पहिल्याच पहाटे येऊन पडले होते, परंतु जल्लोषाच्या बातम्यांत ते फार थोड्यांच्या नजरेस आले.

आता कायद्याकडे वळतो. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानुसार, कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याचा इतिहास असलेल्या राज्यांना आणि काउंटींना (राज्यांतील जिल्ह्यांना) मतदानाच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागत असे. टेक्सासमधील ऑस्टिनजवळच्या पाण्यासारख्या स्थानिक सोयी पुरवणाऱ्या एका छोट्या मंडळाने या अटीला आव्हान दिले होते. २००९ साली ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालले तेव्हा मंडळाच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा असा होता की, ओबामांना निवडून देणारी अमेरिका ही १९६५ ची अमेरिका राहिलेली नाही. ग्रँट पार्कमधल्या त्या रात्रीला सहा महिनेही उलटले नव्हते. न्यायालयाने तेव्हा कायद्याला हात लावला नाही. मात्र २५ जून २०१३ रोजी अलाबामातील शेल्बी काउंटीच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, कोणत्या राज्यांना ही अट लागू होईल हे ठरवणारे कलमच रद्द झाले आणि पूर्वमंजुरीची अट निर्जीव होऊन पडली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात बदललेल्या काळाचा दाखला देताना मिसिसिपीतील फिलाडेल्फिया आणि अलाबामातील सेल्मा या दोन गावांचा उल्लेख केला. पहिल्या गावाजवळ १९६४ साली नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली होती आणि दुसऱ्या गावात १९६५ साली पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपले होते. आज या दोन्ही गावांचे महापौर कृष्णवर्णीय आहेत, असे त्यांनी लिहिले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिले की, पूर्वमंजुरीमुळे भेदभाव थांबला म्हणून ती काढून टाकणे म्हणजे, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री टाकून देणे होय.

निकालाच्याच दिवशी टेक्सासने, पूर्वमंजुरीअभावी अडकून पडलेला मतदार-ओळखपत्राचा कायदा अमलात आणत असल्याचे जाहीर केले. वर 'आकडेमोड' यांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या चौदा हजार मतांचा उल्लेख केला आहे. त्या राज्याने काही आठवड्यांतच आगाऊ मतदानाचे दिवस कमी करणारा आणि मतदानाच्या दिवशीच नोंदणी करण्याची सोय बंद करणारा कायदा केला. या सोयी कृष्णवर्णीय मतदार अधिक वापरत असत. २०१६ साली केंद्रीय अपील न्यायालयाने तो कायदा रद्द करताना, शस्त्रक्रियेतल्यासारख्या अचूकपणे त्याने कृष्णवर्णीय मतदारांवर नेम धरला आहे, असे म्हटले.

तेव्हा मॅडम, आपल्या विद्यार्थिनीला माझ्या वतीने एवढे सांगा की, लोक रडले ते उगाच नव्हे. ज्यांनी त्यांच्या विजयाचा कागद करून त्यांच्याच हक्काविरुद्ध न्यायालयात सादर केला, त्यांना प्रश्न विचारायला हवा.

उत्तर : जुनी_कपाटे

वरील उत्तरे वाचून एक आपल्याकडची गोष्ट आठवली, आणि ती या विषयाला सोडून नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध केले आणि ते, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्ततेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. मला त्या ओळी फार मोलाच्या वाटतात, कारण पुण्यातल्या एका माणसाने समुद्रापलीकडची मुक्ती आपली मानली होती.

१८७३ सालची अमेरिका पाहिली तर फुले यांचा विश्वास अनाठायी नव्हता हेही दिसते. त्या वर्षी सुरू झालेल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहात दक्षिणेकडील राज्यांतून निवडून आलेले सात कृष्णवर्णीय सदस्य होते. त्यांपैकी काहींचा जन्म गुलामगिरीत झाला होता. परंतु १८७७ साली दक्षिणेतून, या हक्कांना संरक्षण देणारे केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. पुढे मिसिसिपीने १८९० साली नव्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा घातली, आणि इतर राज्ये त्याच वाटेने गेली. १९०१ साली नॉर्थ कॅरोलिनाचे जॉर्ज व्हाइट प्रतिनिधिगृहातून बाहेर पडल्यावर अठ्ठावीस वर्षे तेथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. आपल्या विद्यार्थिनीने सहा वर्षांचे अंतर मोजले, ते बरोबरच आहे, पण हे दुसरे अंतरही तिला दाखवावे असे मला वाटते.

ही रिकामी वर्षे १९२९ साली संपली ती ऑस्कर डी प्रीस्ट यांच्या प्रवेशाने. ते शिकागोच्या दक्षिण भागातून, इलिनॉयच्या पहिल्या मतदारसंघातून निवडून आले होते. 'मिशिगन_सरोवर' यांनी ज्यांच्याविषयी लिहिले ते हॅरॉल्ड वॉशिंग्टन महापौर होण्यापूर्वी याच मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. २००० साली याच मतदारसंघाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत बराक ओबामा उभे राहिले आणि मोठ्या फरकाने हरले. त्यांना हरवणारे बॉबी रश तरुणपणी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेच्या संस्थापकांपैकी होते, त्याच पक्षाचे, ज्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथरचे नाव घेतले. ग्रँट पार्कमध्ये त्या रात्री उभ्या असलेल्या वृद्ध मतदारांपैकी अनेकांनी या मतदारसंघातच आयुष्यभर मते दिली असतील, आणि त्यांतल्या काहींनी आठ वर्षांपूर्वी ओबामांच्या विरोधातही दिले असेल.